गाठ सव्वादोन सेंटिमीटरची, तरी मानेत कशी पोचली? गालाच्या कॅन्सरमधल्या जीन एक्सप्रेशनचं एक प्रकरण

ऑपरेशनच्या आधी कागदावर स्टेज दोन होती, आणि ऑपरेशननंतर आमच्या लॅबमधून जो रिपोर्ट गेला त्यावर स्टेज चार-बी लिहावी लागली, मधे गेले जेमतेम तीन आठवडे. एवढ्यात गाठ काही वाढली नव्हती, सीटीवर २.४ सेंटिमीटर होती आणि ग्रॉसिंगच्या, म्हणजे काढलेला भाग मोजून-कापून बघायच्या, टेबलावर पट्टी लावून मोजली तर २.३ भरली. फरक पडला तो मानेतल्या नोड्समुळे, म्हणजे लिम्फच्या छोट्या ग्रंथींमुळे. या पेशंटच्या मुलाने त्याआधीच पदरचे पैसे घालून एक डीएनए रिपोर्ट करून आणलेला, त्यात जीन्सची नावं ठळक छापलेली, पण "एवढ्या लहान गाठीतून मानेत गेलं कसं" या त्याच्या सरळ प्रश्नाला त्या रिपोर्टात उत्तर नव्हतं. ते होतं गाठीच्या खालच्या कडेला, तिथल्या पेशींमध्ये कुठली जीन्स चालू होती त्यात.

ओळख पटेल असं सगळं बदललंय, शिवाय एकसारख्या दोन-तीन पेशंटचं मिळून हे एक प्रकरण केलंय, तेव्हा कोणी आपल्या ओळखीचा माणूस यात शोधू नये.

पेशंट

वय ४४, मालाचा टेम्पो चालवतात, यवतमाळकडचे. विशीपासून खर्रा. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घासून घासून केलेला ओलसर माल, पानठेल्यावर समोर घासून देतात आणि लोक तो गालात धरून तासन् तास गाडी चालवतात. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पानठेल्यावरची घासाघास मात्र चालूच.

आले ते तोंडातल्या जखमेसाठी, पण विचारलं तर गोष्ट तीन-चार वर्षांची निघाली. तिखट सोसत नाही, भाकरीचा घास मोडून मोडून घ्यावा लागतो, जांभई देताना जबडा अडकतो. तोंड उघडायला लावलं तर दोन बोटं जेमतेम, मोजलं तर २४ मिलिमीटर. दोन्ही गाल आतून पांढुरके, बोट फिरवलं की आत उभे दोरखंड असावेत तसे कडक पट्टे लागतात. हे सबम्युकस फायब्रोसिस, गालाच्या अस्तराखाली कडक तंतू साचण्याचा आजार. डाव्या गालावर खालच्या दाढांसमोर एक जखम, कड उचललेली, भोवती पांढरा चट्टा, आणि उजव्या गालावर ओठाच्या कोपऱ्याजवळ अजून एक चट्टा, सपाट, न दुखणारा, त्याची त्यांना खबरच नव्हती.

"खर्रा तं सोडला जी," म्हणाले, "आता नुसती सुपारी राह्यते तोंडात."

हे वाक्य ओपीडीत इतक्या वेळा ऐकायला मिळतं की त्यावर एक वेगळा लेख होईल. सुपारी एकटी, तंबाखूशिवाय, माणसात कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच पहिल्या गटात टाकून ठेवलंय, आणि गालाचा फायब्रोसिस तर मुळात सुपारीचाच आजार आहे.

पहिली बायोप्सी बाहेर झाली होती. तोंडच उघडत नाही म्हटल्यावर जिथे हात पोचला तिथून, म्हणजे जखमेच्या वरच्या उंचवट्यातून तुकडा घेतला गेला, दुसरं करणार तरी काय. ती स्लाइड रिव्ह्यूला माझ्याकडे आली तेव्हा त्यात केराटिनचे गोल मोती भरपूर, पेशी बऱ्यापैकी शिस्तीत, वेल टू मॉडरेट डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या पेशींचा, अजून बऱ्यापैकी मूळ पेशींसारखा दिसणारा कॅन्सर. खालचा भाग तुकड्यात आलाच नव्हता त्यामुळे गाठ आत कशी घुसतेय ते कळायला मार्ग नाही. सीटीत हाड सुटलेलं, गालाची कातडी सुटलेली, मानेतले नोड्स सगळे सेंटिमीटरच्या आत. म्हणजे टी-दोन, एन-शून्य (टी गाठीचा, एन नोड्सचा), मिळून स्टेज दोन.

मान उघडायची की वाट बघायची यावर ट्यूमर बोर्डात फार चर्चा झाली नाही. टाटा मेमोरियलची २०१५ मधली ट्रायल आहे ना, लहान गाठ, मान साफ, अशाच पेशंटची, त्यात आधीच मानेचं ऑपरेशन केलेल्यांचं तीन वर्षांचं जगणं ८० टक्के आणि नोड दिसल्यावर मग केलेल्यांचं ६७.५. तेव्हा गाठ आणि डावी मान एकाच वेळी, असं ठरलं. ती ट्रायल झाली नसती तर या भाऊंची मान कदाचित तशीच राहिली असती आणि सहा-आठ महिन्यांनी गाठ घेऊन परत आले असते.

मुलाने आणलेला रिपोर्ट

मुलगा बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला, हुशार आहे, प्रश्न नीट विचारतो. त्याने बायोप्सीचा ब्लॉक एका प्रायव्हेट लॅबला पाठवून डीएनए पॅनल करून घेतलं होतं. त्यात पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या तीन जीन्सचा बिघाड होता: टीपी५३ मध्ये प्रोटीन अर्ध्यातच तोडणारं म्युटेशन, सीडीकेएन२ए चा तुकडाच गायब, आणि फॅट१ मोडलेलं. रिपोर्टात चूक काहीच नव्हती. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हीच नावं पुन्हा पुन्हा येतात. कल्याणीची बायोमेडिकल जिनोमिक्सची राष्ट्रीय संस्था आणि खारघरचं अ‍ॅक्ट्रेक यांनी मिळून आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचा जो अभ्यास २०१३ मध्ये छापला, ११० पेशंटचा, त्यात टीपी५३, फॅट१, कॅस्प८, एचरास, नॉच१ ही ओळखीची मंडळी सापडलीच, शिवाय यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी काही नवी, आणि ड्रोशा आणि वायएपी१ या जीन्सच्या जादा कॉप्या.

पण म्युटेशन हे सगळ्या गाठीत जवळपास सारखं असतं. वरच्या मोत्यांतल्या पेशीत जे टीपी५३ मोडलंय तेच खालच्या कडेच्या पेशीतही मोडलंय. वरची पेशी मात्र जागेवर बसून केराटिन बनवतेय आणि खालची स्नायूत घुसतेय. डीएनए तोच, तरी वागणूक वेगळी, कारण त्या डीएनएतलं कुठलं पान आत्ता उघडून वाचलं जातंय, किती वेळा वाचलं जातंय, ते वेगळं. हे वाचणं म्हणजे एक्सप्रेशन. जीनवरून आरएनए निघतो, आरएनएवरून प्रोटीन, आणि आपण एकतर आरएनए मोजतो नाहीतर स्लाइडवर प्रोटीनला रंग देऊन बघतो, दोन्हीला लोक सरसकट एक्सप्रेशन म्हणतात, चालतंय.

मुलाने इंटरनेटवर वाचलेलं की पी१६ या प्रोटीनचा स्टेन, म्हणजे स्लाइडवरचा रंग, निगेटिव्ह म्हणजे वाईट, आणि वडिलांचा स्टेन निगेटिव्ह आला म्हणून तो घाबरलेला. त्याला सांगितलं की ते वाचलंस ते घशाच्या, टॉन्सिलच्या कॅन्सरबद्दल. तिथे एचपीव्ही व्हायरसचं ई७ प्रोटीन आरबी नावाच्या प्रोटीनला संपवतं, त्याला उत्तर म्हणून पी१६ भरमसाठ बनतं, म्हणून तिथे पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरसवाला कॅन्सर, आणि तो उपचारांना जास्त चांगला दाद देतो. खर्र्याच्या गालात व्हायरसची ही गोष्टच नाही. इथे पी१६ चं जीन, म्हणजे सीडीकेएन२ए, फार लवकर जातं, कधी तुकडा तुटून, कधी प्रोमोटरवर, म्हणजे जीनच्या चालू-बंद बटणावर, मिथाइलचे टॅग बसून ते वाचलंच जात नाही. कॅलिफानो या संशोधकांनी १९९६ मध्ये कॅन्सर होण्याचा जो क्रम मांडला त्यात ९पी२१ या क्रोमोसोमवरच्या जागेचं नुकसान, जिथे हे जीन बसलंय, ते अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांतच दिसतं. म्हणजे भाऊंचं पी१६ बहुतेक कॅन्सर दिसायच्या कितीतरी आधीच गेलेलं असणार.

पी५३ चा, म्हणजे टीपी५३ च्या प्रोटीनचा, स्टेनही असाच फसवा. त्यांच्या स्लाइडवर कॅन्सरच्या पेशी एकदम कोऱ्या, आणि नवखा माणूस म्हणेल निगेटिव्ह आलाय म्हणजे नॉर्मल. नॉर्मल म्युकोसात, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तरात, खालच्या थरात तुरळक फिकट तपकिरी ठिपके दिसतात, एकही ठिपका नसणं हेच अ‍ॅबनॉर्मल. प्रोटीन अर्ध्यातच तुटतं म्हणून रंग घ्यायला काही उरत नाही. दुसऱ्या प्रकारच्या म्युटेशनमध्ये उलट, सगळ्या पेशी गडद. एकच जीन बिघडलेलं, पण स्टेनवर एकदा काहीच नाही आणि एकदा नुसतं काळंभोर.

ग्रॉसिंग टेबल

आमच्या एका पीजी विद्यार्थिनीच्या थिसिसमध्ये हे पेशंट घेतले होते, एथिक्स कमिटीची मंजुरी, लेखी संमती, सगळं रीतसर. ओटीतून नग निघाला की घड्याळ चालू, कारण रक्तपुरवठा बंद पडला की पेशी ऑक्सिजनच्या टंचाईची जीन्स चालू करायला लागतात आणि आरएनए तुटायला लागतो, आणि फॉर्मलिनमध्ये गेल्यावर तर आरएनएचे बारीक तुकडे होऊन ते प्रोटीनला चिकटून बसतात. त्यामुळे फॉर्मलिनच्या आधी बारीक तुकडे काढून आरएनए जपणाऱ्या द्रावणात टाकायचे. मोठा तुकडा टाकला तर द्रावण आत पोचत नाही, काही मिलिमीटरचाच हवा. कॉटरीने, म्हणजे ऑपरेशनमधल्या विजेच्या चटक्याने, करपलेल्या भागाला हात लावायचा नाही, तिथे मोजण्यासारखं काही शिल्लक नसतं.

नळ्या तीन. एक गाठीच्या गाभ्यातली, एक खालच्या कडेची जिथे गाठ स्नायूला भिडते, आणि एक लांबच्या, डोळ्यांना नॉर्मल दिसणाऱ्या म्युकोसाची. कडेचा तुकडा काढणं हे खरं जिकिरीचं काम, कारण तिथलंच मार्जिन, म्हणजे गाठीभोवतीची कॅन्सर नसलेली पट्टी, सर्जनला मिलिमीटरमध्ये हवं असतं आणि थिसिससाठी पेशंटचं मार्जिन बिघडवलं तर त्या थिसिसला आग लावायच्या लायकीचं काम झालं म्हणायचं. म्हणून आधी बाहेरच्या कडेला शाई, मग काप, मग जिथे मार्जिन भरपूर आहे अशाच कापातून चिमूटभर.

बहुतेक जुन्या अभ्यासांत गाठीचा एकच तुकडा घेतलाय, आणि तो कुठला हे लिहिलेलंही नसतं. माझं स्पष्ट मत आहे की एक्सप्रेशनच्या पेपर्समध्ये जो गोंधळ दिसतो, एक म्हणतो हे जीन वाढलं आणि दुसरा म्हणतो घटलं, त्यातला मोठा वाटा या एका गोष्टीचा आहे.

स्लाइड्स आल्या तेव्हा चित्र पहिल्या बायोप्सीपेक्षा फारच वेगळं. वरचा भाग तसाच मोत्यांचा, पण खाली गाठ तुटून तुटून गेलेली, पाच-दहा पेशींचे पुंजके, काही मुख्य गाठीपासून मिलिमीटरभर लांब स्नायूच्या धाग्यांमध्ये, एका ठिकाणी नर्व्हच्या भोवती वेढा. डेप्थ ऑफ इन्व्हेजन, म्हणजे आत घुसल्याची खोली, ८ मिलिमीटर. मानेतले २८ नोड्स, त्यातले दोन पॉझिटिव्ह, आणि दुसऱ्या नोडमध्ये कॅन्सर कवच फोडून बाहेर चरबीत आलेला. एकाहून जास्त नोड आणि त्यातला एक जरी कवच फोडून बाहेर, की एजेसीसी या स्टेजिंगच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीप्रमाणे पॅथॉलॉजीचा एन थेट तीन-बी, आणि स्टेज चार-बी. गाठीचा आकार काही का असेना.

कड

आता आरएनए. पीजी पोरगी आकडे घेऊन धावतच आली, "मॅडम, कडेच्या नळीत व्हिमेंटिन प्रचंड वाढलंय, ईएमटी झालंय!" ईएमटी म्हणजे एपिथेलियमची, अस्तराची, पेशी आपला चिकटून राहायचा धर्म सोडून फायब्रोब्लास्टसारखी, म्हणजे भोवतालच्या तंतू बनवणाऱ्या पेशीसारखी, सुटी, फिरती होणं, आणि व्हिमेंटिन हा त्याचा पाठ्यपुस्तकातला मार्कर. तिला म्हटलं स्टेन लावून बघ. लावला, आणि व्हिमेंटिनचा तपकिरी रंग जवळपास सगळा कॅन्सरच्या पुंजक्यांच्या बाहेर, फायब्रोब्लास्टमध्ये. पुंजके आतून बहुतेक निळेच, बाहेरच्या ओळीत एखादी-दुसरी पेशी रंगलेली. नळीत आपण कॅन्सर आणि त्याच्या भोवतालचं सगळं एकत्र वाटून टाकतो, आणि फायब्रोसिसच्या गालात तर भोवतालचंच जास्त, त्यामुळे आकडा येतो तो गाठीचा कमी आणि शेजाऱ्यांचा जास्त.

हाच घोळ मोठ्या पातळीवरही झालेला. आधीच्या वर्गीकरणात हेड-नेक कॅन्सरचा एक 'मेसेंकायमल', म्हणजे फायब्रोब्लास्टसारख्या पेशींचा, प्रकार धरला जायचा. २०१७ मध्ये बॉस्टनच्या गटाने १८ पेशंटच्या तोंडाच्या गाठींमधल्या ५,९०२ पेशी एकेक सुट्या करून प्रत्येकीचा आरएनए वाचला तेव्हा दिसलं की तो मेसेंकायमलपणा बराचसा फायब्रोब्लास्टचा होता, कॅन्सरच्या पेशी तेवढ्या वेगळ्या काढून बघितल्या तर तो प्रकार बेसल या दुसऱ्या प्रकारातच जाऊन मिळतो.

त्याच अभ्यासात जे दुसरं सापडलं ते आमच्या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. काही कॅन्सर पेशी अर्धवट ईएमटी करतात. ई-कॅडहेरिन, म्हणजे शेजारणीला धरून ठेवणारं प्रोटीन, टिकवून ठेवतात, पण सोबत एलएएमसी२, पीडीपीएन, आयटीजीए५, टीजीएफबीआय, व्हिमेंटिन अशी घुसखोरीची जीन्स चालू करतात. पूर्ण ईएमटी घडवणारे जे नेहमीचे म्होरके, त्यातला फक्त एसएनएआय२ ठळकपणे दिसतो. या पेशी गाठीच्या कडेला, फायब्रोब्लास्टला खेटून असतात, केराटिन बनवणाऱ्या पेशी गाभ्यात, आणि ज्या गाठींत हा अर्धवट कार्यक्रम जोरात त्यांच्यात मानेचे नोड जास्त. २०२३ मध्ये तर कापावरच जागच्या जागी आरएनए वाचून गाभा आणि कड यांची वेगवेगळी ओळख अजून पक्की केली गेली.

आमच्या स्लाइडवर एलएएमसी२ चा स्टेन बघण्यासारखा होता. पुंजक्याच्या आतल्या पेशी कोऱ्या, आणि बाहेरची एक, फार तर दोन पेशींची ओळ अशी भरून तपकिरी, सायटोप्लाझममध्ये, जणू प्रत्येक पुंजक्याला बारीक काठ शिवलाय. हे प्रोटीन लॅमिनिन-३३२ चा एक भाग. एरवी ते एपिथेलियमखालच्या पडद्यात बसून पेशीला बांधून ठेवतं, पण मेटॅलोप्रोटिनेज एन्झाइम्सनी ते कापलं की त्याच्यावरून पेशी पुढे सरकू शकते. ई-कॅडहेरिन गाभ्यात पेशींच्या सीमांवर स्वच्छ, कडेला थोडं फिकट पण गेलेलं नाही, म्हणूनच या पेशी एकेकट्या न सुटता टोळीने गेल्यात. पीडीपीएनसाठी डी२-४० हा अँटिबॉडी लावला, त्यात काठ तर रंगलाच, शिवाय तोच अँटिबॉडी लिम्फच्या नळ्याही रंगवतो, आणि एका नळीच्या आत कॅन्सरचा पुंजका बसलेला सापडला, जो साध्या स्टेनमध्ये आम्हा दोघींच्याही नजरेतून निसटला असता कारण नळी दबून चिरेसारखी झालेली.

केआय-६७, म्हणजे पेशी विभागतेय का ते सांगणारा स्टेन, मात्र काठाच्या या पेशींमध्ये तुलनेने कमी, एक-दोन ओळी आत जास्त. हेही त्या सुट्या पेशींच्या अभ्यासाशी जुळतं: घुसणारी पेशी आणि वाढणारी पेशी एका वेळी एकच नसते. आणि ही अवस्था कायमचीही नसते, पेट्री डिशमध्ये घुसखोर आणि बिनघुसखोर पेशी वेगळ्या काढून ठेवल्या तरी थोड्या दिवसांनी दोन्हीकडे परत तीच सरमिसळ तयार होते. म्युटेशन असं मागे-पुढे होत नाही. त्यामुळे गाठीची वाढ म्हणजे एकामागून एक म्युटेशनचा जिना, हे जे आपण शिकलो आणि शिकवतो, ते सुरुवातीसाठी ठीक, पण गालातून मानेत जायच्या टप्प्यावर तेवढ्याने भागत नाही.

पॉझिटिव्ह नोडच्या स्लाइडवरही तोच नकाशा, मधे मोती, बाहेर एलएएमसी२ चा काठ.

जुन्या पॅथॉलॉजिस्टना यात नवल वाटणार नाही. ब्रिने या पॅथॉलॉजिस्टनी १९९२ मध्ये सांगितलंच होतं की गाठीची ग्रेड सगळ्या गाठीची काढू नका, सर्वांत खोल कडेची काढा, तीच पुढचं सांगते. मायक्रोस्कोपखाली दिसत होतं ते, त्याचं आतलं कारण नंतर हाती लागलं.

आता मुळातला प्रश्न, या गालात कड इतकी बिथरली का. सुपारीतलं अरेकोलिन आणि त्यासोबतची द्रव्यं टीजीएफ-बीटा या सिग्नलचा मार्ग चालू ठेवतात, फायब्रोब्लास्ट कोलॅजन बनवत राहतात, सुपारीत तांबं भरपूर, आणि लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम तांब्यावर चालतं, ते कोलॅजनचे धागे एकमेकांत असे बांधतं की मोडणं अवघड. म्हणून गाल कडक. आणि टीजीएफ-बीटा हाच तो सिग्नल, जो डिशमधल्या तोंडाच्या कॅन्सर पेशींना दिला की अर्धवट ईएमटीची जीन्स वर जातात. म्हणजे घुसायचा निरोप देणारे फायब्रोब्लास्ट या गालात वीस वर्षं आधीपासून जागे बसलेले. त्यात पेशीखालची जमीन कडक झाली की वायएपी प्रोटीन न्यूक्लियसमध्ये शिरून वाढीची जीन्स चालू करतं हे २०११ पासून माहीत आहे, आणि फॅट१ मोडलं की त्याच वायएपीवरचा लगाम सुटतो. मुलाच्या रिपोर्टातलं फॅट१ इथे येऊन कामाला लागतं, माझ्या मते तरी या पेशंटमध्ये म्युटेशन आणि कडक गाल हे दोघं एकाच दोरीला ओढत होते. एर्नाकुलमच्या ६६ फायब्रोसिस पेशंटवर १७ वर्षं नजर ठेवलेला जुना अभ्यास आहे, त्यात ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला. बाकीच्यांना त्या काळात झाला नाही हेही त्यातच आलं, घाबरवायला आकडा अर्धा सांगू नये.

तिसऱ्या नळीत, नॉर्मल दिसणाऱ्या म्युकोसात, ईजीएफआरचा, म्हणजे वाढीचा निरोप घेणाऱ्या प्रोटीनचा, आरएनए चढा होता. १९९३ मध्ये ग्रँडिस आणि ट्वीर्डी यांनी हेच दाखवलेलं, कॅन्सरवाल्यांच्या नॉर्मल दिसणाऱ्या म्युकोसातही ईजीएफआर आणि त्याला चालना देणारं टीजीएफ-अल्फा वाढलेलं. खर्रा एका ठिकाणी धरला तरी रस सगळ्या तोंडात फिरतो.

उपचार

एवढं सगळं बघून उपचार काय बदलला? एक्सप्रेशनमुळे काहीच नाही. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये २१ जीन्सची एक्सप्रेशन टेस्ट करून केमो द्यायची की नाही ते ठरवतात, तोंडाच्या कॅन्सरमध्ये रोजच्या वापरात तसं काही नाही. भाऊंना रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध मिळालं ते नोडचं कवच फुटलं म्हणून, २००४ च्या दोन मोठ्या ट्रायल्सपासून तो नियमच आहे. ६६ ग्रे, ३३ बैठका. तोंड आधीच दोन बोटं, त्यात रेडिएशन, त्यामुळे जबड्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून, आइसक्रीमच्या लाकडी काड्या दातांत थरावर थर लावत.

ज्या एका एक्सप्रेशनवर आज गोळ्या-इंजेक्शन ठरतात ते म्हणजे पीडी-एल१, कॅन्सर पेशी शरीराच्या प्रतिकार पेशींना थोपवायला वापरते ते प्रोटीन, आणि तेही मुख्यतः कॅन्सर परत आला किंवा पसरला तर. त्यांचा स्टेन करून ठेवलाय, वापरायची वेळ न येवो. आली तर पूर्ण डोसची इम्युनोथेरपी टेम्पोवाल्याच्या घराला झेपणारी नाही, पण टाटा मेमोरियलने २०२३ मध्ये दाखवलं की तोंडी तीन औषधांसोबत निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा, एवढ्या थोड्या डोसनेही वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. त्या तीन तोंडी औषधांतलं एक, एर्लोटिनिब, हे ईजीएफआरच बंद करणारं.

मुलाचा दुसरा प्रश्न वडिलांसमोर नाही, बाहेर कॉरिडॉरमध्ये आला. "मॅडम, जीन खराब हाये म्हंते ना रिपोर्टात, मंग मले अन् बहिणीले बी होईन का?" त्याला शांतपणे सांगितलं की ही म्युटेशन्स गालाच्या पेशींत आयुष्यभरात जमलेली आहेत, बीजातली नाहीत, ती तुमच्याकडे येत नाहीत. फॅन्कोनी अ‍ॅनिमियासारखे काही दुर्मिळ वारशाचे आजार आहेत ज्यांत तोंडाचा कॅन्सर लहान वयात होतो, पण तुमच्या घरात तसं काही लक्षण नाही. घरात पुढे जाण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती पानठेल्यावर मिळते. तो हसला नाही, त्याच्या खिशात पुडी होती की नव्हती मी विचारलं नाही.

ऑपरेशनला आता दीड वर्ष होऊन गेलं, गाल आणि मान साफ आहे. उरलाय तो उजव्या गालावरचा चट्टा. त्याची बायोप्सी माइल्ड डिस्प्लेजिया, म्हणजे पेशींत कॅन्सरपूर्व सौम्य बदल. मुलाला वाटलं याचं तरी जीन एक्सप्रेशन करून सांगता येईल पुढे कॅन्सर होणार का. यात जरा गंमत आहे, चट्ट्यांच्या बाबतीत सगळ्यात भरवशाचा ठरलेला मार्कर एक्सप्रेशनचा नाहीच, डीएनएचा आहे, ३पी आणि ९पी या क्रोमोसोमच्या हातांचं नुकसान. आणि ज्यांच्या चट्ट्यात हे नुकसान होतं अशांना ईजीएफआर बंद करणारं तेच एर्लोटिनिब आधीच देऊन बघितलं, २०१६ मध्ये निकाल आला, कॅन्सर काही टळला नाही. ईजीएफआर वाढलेलं दिसतं म्हणून ते बंद केलं की काम झालं, इतकं सरळ हे तोंडातलं प्रकरण नाही.

त्यामुळे उजव्या चट्ट्याला दर दोन महिन्यांनी बोलावतो, पट्टी ठेवून फोटो, लाल झाला, जाड झाला, टणक लागला की परत बायोप्सी, आणि या वेळी तोंड कितीही कमी उघडत असलं तरी खालपर्यंतचा तुकडा घ्यायचा हे फाइलवर लाल पेनने लिहून ठेवलंय. सुपारी बंद आहे का हे मात्र वहिनींना विचारावं लागतं, भाऊंना विचारून उपयोग नाही.